फंडस नॉर्मल, म्हणजे कुठपर्यंत बघितलं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका नेत्रविभागात सिकलसेलच्या पेशंटचा डोळा बघायला मिळाला. मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीवाला, हातात डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप पहिल्यांदाच. मागून सिस्टर म्हणाल्या, "काय दिसून राह्यलं, सर?" मी म्हटलं, "काईच नाही." पिवळसर गुलाबी ऑप्टिक डिस्क, तिच्यातून निघालेल्या रक्तवाहिन्या, सगळं पुस्तकातल्यासारखं. मग बाहुली मोठी करायचे थेंब टाकले आणि अर्ध्या तासाने डॉक्टरांनी डोक्याला बांधायच्या इनडायरेक्ट यंत्राने पडद्याची कड दाखवली. तिथे काळे डाग होते. डोळा तोच, पेशंट तोच.

त्या दिवसापासून मी या यंत्राचा इतिहास वाचतोय, आणि संशोधनात येणाऱ्यांना त्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

डोळ्याच्या बाहुलीतून आत बघणारं यंत्र हेल्महोल्ट्झने डिसेंबर १८५० मध्ये जाहीर केलं आणि १८५१ ला त्यावर पुस्तिका काढली. तेव्हा तो २९ वर्षांचा, म्हणजे जवळपास आपल्याच वयाचा. कोनिग्सबर्गला शरीरक्रियाशास्त्र शिकवत होता आणि डोळ्यात गेलेला प्रकाश परत बाहेर येतो हे वर्गात कसं दाखवायचं, एवढाच त्याचा प्रश्न होता. पुठ्ठा, गोंद आणि काचेच्या पट्ट्या एवढ्यावर पहिलं यंत्र जमलं. त्याआधी १८४७ ला इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने (हो, कॉम्प्युटरवालाच) असंच काहीतरी केलं होतं. ते त्याने व्हार्टन जोन्स या नेत्रतज्ज्ञाला दाखवलं, जोन्सला त्यातून काही धड दिसलं नाही आणि विषय तिथेच बारगळला. जोन्सने ही हकीकत छापली १८५४ मध्ये, म्हणजे हेल्महोल्ट्झचं नाव झाल्यावर. बिचारा बॅबेज.

पुढे मेंदूवाल्यांनी हे यंत्र उचललं. १८६० ला बर्लिनच्या फॉन ग्रेफेने मेंदूत गाठ असलेल्या पेशंटची सुजलेली डिस्क वर्णन केली. कवटीतला दाब दृष्टिमज्जेच्या आवरणातून पुढे येतो, मज्जातंतूंतला प्रवाह अडतो आणि डिस्क फुगते. १८७१ ला लीड्सच्या ऑलबटने मज्जासंस्था आणि मूत्रपिंडाच्या रोगांत डोळा तपासण्यावर पुस्तक लिहिलं, १८७९ ला लंडनच्या गॉवर्सने चित्रांसकट. कवटी न उघडता आतली बातमी मिळायला लागली.

पण बघा, या खुणा मुख्यतः पडद्याच्या मधल्या भागातल्या. डायरेक्ट यंत्र चित्र सुमारे १५ पट मोठं दाखवतं, पण एका वेळी पडद्याचा जेमतेम एक तुकडा. मधोमध शोधायला ते उत्तम.

सिकलसेलचा खेळ मात्र कडेला चालतो. ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि पडद्याच्या टोकाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. तिथला रक्तपुरवठा तुटला की नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्यांतून डोळ्यात रक्त उतरू शकतं, शेवटी पडदाही सुटू शकतो. गोल्डबर्गने १९७१ ला याच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायऱ्यांवर पेशंटला नजरेची काहीच तक्रार नसते. डिस्कवरची सिकलसेलची खूणसुद्धा (बारीक वाहिन्यांत अडकलेल्या पेशींचे गडद लाल ठिपके) १९७८ ला नीट वर्णन झाली. ती तर मधोमधच आहे, पण येते आणि जाते.

आता वऱ्हाडाकडे या. हेरिकने शिकागोत विळ्यासारख्या पेशी १९१० ला छापल्या. भारतात हा दोष निलगिरीच्या आदिवासींत १९५२ ला नोंदला गेला. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा छोटा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला तो १९५८ चा. रोग काही १९५८ ला विदर्भात आला नाही. सांधे ठणकणारी, पिवळी पडणारी लेकरं पिढ्यान्‌पिढ्या होतीच. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून, वर काच ठेवून, पेशी वाकतात का हे बघणारं कोणी नव्हतं.

डोळ्याचंही तसंच होऊ नये असं मला वाटतं. डोळ्यांवरचं गाजलेलं बरंचसं संशोधन जमैका आणि अमेरिकेतलं. तिथे एस-सी प्रकारच्या पेशंटना नव्या वाहिन्यांचा त्रास एस-एसपेक्षा जास्त होतो. आपल्याकडे हिमोग्लोबिन सी जवळपास नाहीच, आणि आपल्या अरब-भारतीय प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून रोग सौम्य असं सरसकट लिहिलं जातं. पण विदर्भातली मुलं वारंवार भरती होतात हेही इथल्याच डॉक्टरांनी नोंदवलंय. तेव्हा "सौम्य" हा शब्द डोळ्यांपुरता तरी मी अजून वापरत नाही.

माझ्या लिटरेचर रिव्ह्यूच्या एक्सेल शीटमध्ये पहिला कॉलम वर्षाचा होता. आता त्याच्या आधी दोन कॉलम घातलेत: थेंब टाकले होते का, आणि कड बघितली का. जुन्या केसपेपरांत नुसतं "फंडस नॉर्मल" असतं, तिथे दोन्ही रकाने रिकामे ठेवतो. गाईडने विचारलं, "एवढे रिकामे का?" त्या रिकाम्या रकान्यांवरच आता माझा दुसरा चॅप्टर होतोय.