खिळे जुळवणारे हात

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे आणि तीत आम्ही काहीतरी लिहावे असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही गिरणी कामगार, शाळा अर्धवट सुटलेली. पण एका विषयावर थोडे अधिकाराने लिहू शकतो, तो म्हणजे छापखाना.

शिशाच्या खिळ्यांचा आपल्या चळवळीशी जुना संबंध आहे. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरात स्वतःचा छापखाना काढून १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक' सुरू केले. पुढे 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि १९३१ साली 'चोखामेळा'. पत्र काढायचे म्हणून आधी छापखाना काढला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाबासाहेबांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, त्याला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आले, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. पुढे मुंबईत भारतभूषण छापखाना उभा राहिला. त्याचेच नाव नंतर बुद्धभूषण झाले. दादरची ती वास्तू २०१६ च्या जूनमध्ये पाडली गेली, तेव्हा आम्हाला घरातले माणूस गेल्यासारखे झाले.

आमच्या भागाची गोष्ट निराळी. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, सरकारी कारभार उर्दूत. मराठीत छापलेला कागद खेड्यात दिसायचा तो पंचांगाचा नाहीतर लग्नपत्रिकेचा. जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला. आम्ही पत्रके वाटत फिरत होतो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती.

नामांतराचे दिवस होते. ठराव विधिमंडळात १९७८ साली झालेला, पण नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या काळात एका छापखान्याने आमचे पत्रक छापायला सरळ नकार दिला. दुसऱ्याने छापले, पण जुळाऱ्याने जिथे जिथे 'धम्म' होते तिथे 'धर्म' करून ठेवले. त्याला वाटले, आमचे चुकले! हजार प्रती. पैसे देऊन झालेले. त्या रात्री आम्ही चौघांनी रेफ खोडून पेनाने दुरुस्त्या केल्या, पण हजार ठिकाणी कुठवर करणार?

मग ठरवले, आपणच खिळे जुळवायला शिकायचे. एका म्हाताऱ्या मुद्रकाने परवानगी दिली. पाळी सुटली की आम्ही त्याच्याकडे जायचो. पहिले आठ-पंधरा दिवस त्यांनी छापू दिलेच नाही. म्हणाले, "आधी केस पाठ करा, बाबा." केस म्हणजे खणाखणांची लाकडी पेटी. इंग्रजीचे काम थोड्या खणांत भागते. आपल्या देवनागरीला अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या धरून कितीतरी खण लागतात आणि कोणता खिळा कुठे हे डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ओळखावे लागते. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. डाव्या हातात स्टिक धरायची, ओळ डावीकडून उजवीकडे पण डोक्यावर उभी वाचायची. ओळ भरली की फटी मारून ती घट्ट करायची. सैल राहिली तर फर्मा उचलताना सगळे खिळे खाली. आमचे एकदा झाले. अख्खे पत्रक जमिनीवर! मुद्रक काही बोलले नाहीत, झाडू हातात दिला.

आणखी एक अडचण पुस्तकात सापडणार नाही. तो छापखाना लग्नपत्रिकांवर चाले, म्हणून 'श्री' आणि 'प्रसन्न' चे खिळे भरपूर. आमच्या पत्रकात बुद्ध, प्रबुद्ध, सिद्धार्थ, त्यामुळे 'द्ध' चा खण अर्ध्या मजकुरातच रिकामा. मग 'द' चा पाय मोडून पुढे 'ध' लावायचा. दिसायला वाईट, पण वाचता येई. पहिल्या जयंतीच्या पत्रकात दोन्ही तऱ्हेचे 'बुद्ध' आहेत.

ट्रेडलवर पाय मारणे गिरणीच्या माणसाला जड नाही, पण हात वेळेवर मागे घ्यावा लागतो. कागद ठेवणारा आणि पाय मारणारा यांचा ताल जुळला पाहिजे. छापून झाले की खिळे रॉकेलने धुऊन एकेक परत आपापल्या खणात. हे काम कुणाला आवडत नसे, पण ते केले नाही तर दुसऱ्या दिवशी 'क' च्या जागी 'फ' हाताला येतो.

पुढे ऑफसेट आले, मग संगणक. म्हाताऱ्यांच्या मुलाने खिळे किलोवर भंगारात दिले. शिसे, त्याला भाव होता. आम्ही आधी जाऊन 'द्ध' चे मूठभर मागून घेतले. ते विहाराच्या पुस्तकांच्या कपाटात, खालच्या फळीवर डब्यात ठेवले आहेत. मुलांना पाहायचे असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर यावे, किल्ली आमच्याकडेच असते.