अमृतसरचे तंबू

फाळणीत भूमीची, खजिन्याची आणि दप्तरांची वाटणी झाली, तशीच ती मनोरुग्णांचीही झाली. लाहोरच्या मनोरुग्णालयात अडकून पडलेल्या सुमारे ४५० हिंदू आणि शीख रुग्णांची रवानगी १९५० च्या अखेरीस अमृतसरला झाली, आणि आपला गाव आता कोणाच्या अमलाखाली आहे याचाही उमज ज्यांना पडणे कठीण, अशा या जीवांचा ताबा एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे गेला. सादत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेने वेड्यांची ही अदलाबदल अजरामर केली. परंतु पुढे अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात जे घडले ते फारसे कोणाच्या स्मरणात नाही, आणि माझ्या मते मोलाचे ते आहे.

रुग्णालयाचा कारभार डॉ. विद्यासागर यांच्याकडे होता. रुग्ण उदंड आणि सेवक थोडे, अशी तेथील स्थिती होती. त्या काळी अंमल होता तो मनोरुग्णांसंबंधीच्या १९१२ च्या कायद्याचा. रुग्णाला दाखल करण्यासाठी बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे, आणि तो हुकूम निघाला की नातेवाईक आपल्या माणसाला फाटकाशी सोपवून परत फिरत. पुष्कळांना ते ममता आटल्यामुळे नव्हे, तर लाजेपोटी करावे लागे, हे विद्यासागर यांनी ओळखले असावे; कारण त्यांनी लष्कराकडून जुने तंबू मिळवले, ते आवारात ठोकले आणि आप्तांना रुग्णासह तेथेच मुक्काम करायला लावले. मग हा सुविद्य वैद्य रोज तासन्‌तास त्या मेळ्यात बसे आणि हा आजार पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही, करणी नाही, बाधा नाही, आणि असाध्य तर नाहीच, हे पुनःपुन्हा समजावून सांगे. असले लांछन आपल्याच कुळाला लागले असे ज्या बापाला वाटत असेल, त्याच्या शेजारच्याच तंबूत तशाच दुःखाचा दुसरा बाप बसलेला असे. या दर्शनाने जे साधले असेल, ते नुसत्या उपदेशाने साधणे अवघड होते. रुग्ण सुधारून घरी जाऊ लागले, आणि घरचेही त्यांना नेऊ लागले.

समदुःखी माणसांना एकत्र बसवून उपचार करण्याची कल्पना मात्र या तंबूंहून जुनी, आणि तिचा उगम मनोरुग्णालयात नाही. १९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब वस्तीतील क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. प्रत्येक रोग्याने आपला ताप, आहार आणि विश्रांतीचे तास एका वहीत टिपून ठेवायचे आणि ती वही आठवड्याच्या सभेत आणायची, असा नियम होता. हेतू आरोग्यशिक्षणाचा होता. परंतु सर्वांदेखत वही उघडताना रोग्यांना जो धीर येई तोच अर्धा उपचार ठरतो, हे प्रॅट यांना दिसून आले. पुढे १९३७ साली शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या रुग्णांची ‘रिकव्हरी’ ही संस्था उभारली, जिच्या सभा कालांतराने ते रुग्ण स्वतःच चालवू लागले.

विद्यासागर ज्याच्याशी झगडले ते लांछन समाज लावतो हे सर्वश्रुत आहे. पण ते रुग्णाच्या अंतःकरणात मुरते कसे, याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. ब्रूस लिंक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात त्याची मीमांसा केली. वेड्याविषयीची अवहेलना माणूस आजारी पडण्यापूर्वीच, इतर सर्वांबरोबर, बालपणापासून शिकलेला असतो; आणि ज्या दिवशी केसपेपरावर त्याचे स्वतःचे नाव चढते त्या दिवशी तीच अवहेलना उलटून त्याच्यावर येते, आणि मग नोकरीचा अर्ज करण्याआधीच तो मनोमन नाकारला गेलेला असतो. यानोस, रो आणि लायसेकर या संशोधकांनी अलीकडे यावरच एक गटोपचार बेतला आहे. साधारण २० बैठकांच्या त्या क्रमात रुग्ण प्रथम आजाराविषयीचे सत्य आणि अपसमज वेगळे करतात, मग स्वतःविषयीच्या कठोर समजुती तपासतात, आणि अखेरीस आपली कहाणी लिहून गटाला वाचून दाखवतात. ‘मी स्किझोफ्रेनिक’ एवढ्यावर संपलेले चरित्र तेथे पुन्हा कोणाच्या भावाचे, कोणा शिक्षकाचे, कोणा सुताराचे चरित्र होऊ लागते.

महाराष्ट्रात ही परंपरा पोहोचली ती रुग्णांच्या घरांतून. कॅनडात स्थायिक झालेले प्रा. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९९७ साली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन झाली, आणि तिच्या स्वमदत गटांत रुग्ण व त्यांचे आप्त भेटू लागले. आपल्याकडे आजाराचा डाग एकट्या रुग्णावर थांबत नाही. बहिणीचे लग्न अडते, पाहुण्यांपुढे आतल्या खोलीचे दार ओढून घेतले जाते. तेव्हा केवळ रुग्णांना एकत्र बसवणारी पाश्चात्त्य रीत आपल्याला अपुरी पडते, आणि आईबापांनाही त्याच वर्तुळात बसवणारी विद्यासागर यांची रीत येथे अधिक लागू आहे, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. त्यासाठी मोठ्या इमारती लागत नाहीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ आणि एक खोली रुग्ण व नातेवाईक यांच्या एकत्र बैठकीसाठी राखून ठेवावी, आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे अशा वाचकांनी ती आपल्या जिल्ह्यात मागून घ्यावी, एवढी विनंती आहे.