विसावे अक्षर कुठे गेले?

सी भाषा शिकवताना पहिल्या आठवड्यातच एक प्रोग्राम फळ्यावर येतो. संगणकाने नाव विचारायचे, आपण ते कळफलकावर टंकायचे, संगणकाने नमस्कार म्हणायचे. नावासाठी आपण स्मृतीत 20 खण राखतो आणि वाचण्याचे काम 'गेट्स' या फंक्शनवर सोपवतो. (बिल गेट्सचा येथे काही संबंध नाही! 'गेट' म्हणजे घे, आणि 'एस' म्हणजे स्ट्रिंग, अक्षरांची माळ.) शेवटचा खण समाप्तीच्या शून्याचा, म्हणून इंग्रजी अक्षरे मावतात 19. एखाद्या मुलीने वडिलांचे नाव, आडनाव असे सगळे टंकले तर?

'गेट्स'ला पहिल्या खणाचा पत्ता दिलेला असतो, खण किती ते सांगितलेलेच नसते. एंटर दाबेपर्यंत ते अक्षरे पुढे पुढे ठेवत जाते. पुढचे खण दुसऱ्याच माहितीचे असतात. फंक्शन संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचे तो पत्ताही बहुधा जवळच असतो.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली, तेव्हा टंकणारा बहुधा सहकारीच असे. पण सी प्रोग्रामला कळफलक काय आणि दूरच्या यंत्राची तार काय, दोन्ही सारखीच. दोन्हींकडून अक्षरेच येतात. 2 नोव्हेंबर 1988 रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या 'वर्म'ने याचाच फायदा घेतला. यंत्रावर कोण काम करत आहे हे सांगणारा 'फिंगर' प्रोग्राम 'गेट्स'ने प्रश्न वाचत असे. त्यात खण होते 512. वर्मने पाठवली 536 अक्षरे. जास्तीच्या अक्षरांनी परतीचा पत्ता बदलला आणि व्हॅक्स यंत्रे वर्मच्याच आज्ञा पाळू लागली. वर्मकडे शिरकावाच्या इतर वाटाही होत्या. एकूण सुमारे 6,000 यंत्रे बाधित झाली असे तेव्हा म्हटले गेले; तो अंदाजच होता.

खणांची संख्या विचारणारे 'एफगेट्स' तेव्हाही उपलब्ध होते. तरी 1989च्या प्रमाणकात 'गेट्स' टिकले आणि थेट 2011च्या प्रमाणकातून वगळले गेले. एवढी वर्षे का लागली? जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून, आणि आमच्यासारखे शिक्षक तेच फळ्यावर लिहीत राहिले म्हणूनही.

'एफगेट्स' वापरून एक प्रयोग करून पाहावा. 20 खण ठेवून 'महाराष्ट्र' टंकावे. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन खण घेते. काना, हलन्त धरून येथे दहा चिन्हे, म्हणजे 30 खण. 'एफगेट्स' 19वर थांबते. शेजारचे खण सुरक्षित राहतात, पण हाती 'महाराष' आणि हलन्ताचा एक तृतीयांश तुकडा उरतो.