बर्फाखालचे कुरण

आमच्या हदगावच्या परिसरात बर्फाची ओळख तीनच प्रकारे होते. उन्हाळ्यात रसवंतीवर फोडली जाणारी लादी, लग्नाच्या मांडवात पाण्याच्या पिंपात सोडलेले तुकडे, आणि तिसरी, कोणालाच नको असलेली ओळख म्हणजे गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर कोसळलेल्या गारांनी हाताशी आलेला रब्बी हंगाम आडवा केला. त्यामुळे बर्फ म्हणजे जेथे काही उगवत नाही ते, किंबहुना उगवलेलेही जे मारते ते, अशी आपली धारणा झाली तर नवल नाही. ध्रुवसमुद्रांत प्रथम शिरलेल्या दर्यावर्दींची धारणाही याहून वेगळी नव्हती. ती कशी बदलत गेली, हे येथे सांगावयाचे आहे.

इ. स. १८३९ मध्ये कॅप्टन जेम्स क्लार्क रॉस यांच्या आधिपत्याखाली ‘इरेबस’ व ‘टेरर’ ही दोन ब्रिटिश जहाजे दक्षिण ध्रुवाकडे निघाली. जहाजांच्या धडकेने समुद्रावरील बर्फाचे तुकडे उलटत, तेव्हा त्यांची खालची बाजू पिवळसर तपकिरी दिसे. जानेवारी १८४१ मध्ये त्याच प्रदेशात खलाशांनी धूर ओकणारा ज्वालामुखी पाहिला होता. साहजिकच हा रंग म्हणजे ज्वालामुखीची राख असावी, असा तर्क झाला. ‘इरेबस’वर जोसेफ डाल्टन हुकर नावाचा तरुण साहाय्यक शल्यवैद्य होता, निघताना त्याचे वय अवघे बावीस. त्याची खरी ओढ वनस्पतिशास्त्राची. त्याने गोळा केलेले नमुने बर्लिनच्या एरेनबर्ग या विख्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाकडे गेले आणि ‘राख’ सजीव निघाली.

ते होते डायटम. मराठीत यांना करंडक वनस्पती असे अन्वर्थक नाव आहे, कारण बूड आणि झाकण असलेल्या कुंकवाच्या करंड्याप्रमाणे या एकपेशीय जीवाचे कवच दोन भागांचे असते. हे कवच वाळूत असते त्याच सिलिकाचे. मात्र एरेनबर्ग यांच्या मते हे प्राणी होते. आपल्याला त्यांची जठरेही दिसतात, असे त्यांचे म्हणणे. हुकरने त्यांना वनस्पती ठरविले आणि जमिनीवर गवत-झाडे जे कार्य करतात तेच ध्रुवसमुद्रात हे डायटम करतात, हे ओळखले. थोर गुरूची चूक आणि तरुणाचा अचूक नेम, असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात वारंवार येतात. चर्चच्या इतिहासातही ते विरळ नाहीत, एवढे कबूल करून पुढे जाऊ.

पण बर्फात वनस्पती जगते कशी? खारे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठू लागते, तेव्हा मीठ बर्फात सामावत नाही. ते बाहेर ढकलले जाते आणि बर्फात अतिखारट पाण्याच्या केसासारख्या बारीक नळ्या तयार होतात. गोठताना या नळ्यांत अडकलेले शैवाल काळोखा हिवाळा कसाबसा काढते. वसंतात सूर्य परतला की वरून गळून आलेल्या क्षीण उजेडावर ते बर्फाच्या अगदी तळाच्या काही सेंटिमीटरांत दाट वाढते. त्यातील तपकिरी रंगद्रव्यामुळे पानाचा हिरवा रंग झाकला जातो.

आपल्याकडे वैशाखात शिवारात काडी उरत नाही, तेव्हा गुरे जगतात ती साठविलेल्या कडब्यावर. ध्रुवसमुद्राचा कडबा हा आहे. खुल्या पाण्यात अन्न नसते त्या दिवसांत तो बर्फाच्या छताला लटकलेला असतो.

तो खाणारे कोण, हे कळण्यास मात्र पुढे शंभरांहून अधिक वर्षे लागली. १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी दक्षिण महासागरातील देवमासे आणि त्यांचे भक्ष्य यांचा अभ्यास केला. हे भक्ष्य म्हणजे क्रिल, कोळंबीसारखा दोन इंची जीव. देवमासा, सील, पेंग्विन सर्वांचे ताट याच्यावर भरते. (हेच हार्डी पुढे माणसांच्या धार्मिक अनुभवांच्या अभ्यासाकडे वळले, १९६९ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड येथे त्यासाठी संशोधनकेंद्र काढले आणि १९८५ मध्ये त्यांना टेंपल्टन पारितोषिक मिळाले. धर्मगुरूला हा मनुष्य आवडावा, हे क्षम्य असावे.)

हार्डींच्या ‘द ओपन सी’ या ग्रंथाने एका मराठी मुलीचे आयुष्य बदलले. नागपूर येथे १९४३ साली जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातील अदिती पंत यांनी विद्यार्थिदशेत तो वाचला आणि समुद्रविज्ञानाची वाट धरली. हवाई विद्यापीठ, मग लंडनमध्ये सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर डॉक्टरेट, मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली होती, नेते डॉ. एस. झेड. कासिम हेही सागरी जीवशास्त्रज्ञच. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर उतरणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. समुद्र न दिसणाऱ्या गावांतील आमच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

त्याच दशकात संशोधकांनी हिवाळ्यातील बर्फाखाली डोकावून पाहिले, तेव्हा क्रिलचे थवे पुढच्या पायांनी बर्फाचा तळ खरवडताना आढळले. प्रौढ क्रिल कित्येक महिने उपाशी राहू शकतो. त्याच्या पिलांजवळ मात्र चरबीचा साठा नसतो. पहिल्या हिवाळ्यात त्यांना या कुरणाचाच आधार.

उत्तरेकडे हिशेब अधिक नाजूक आहे. तेथील कॅलानस नावाच्या सूक्ष्म जीवाची मादी बर्फाखालचे शैवाल खाऊन अंडी घालते. पिले मोठी होईतो बर्फ वितळतो, खुले पाणी शैवालाने बहरते आणि त्यांना अन्न मिळते. मृगाचा पाऊस आणि पेरणी यांच्यासारखा हा मेळ आहे. बर्फ लवकर फुटला तर तो चुकतो. बर्फ पातळ झाल्यास उजेड वाढून आरंभी शैवालही वाढते, हे खरे. पण छतच गेल्यावर वेल कशाला धरणार?

आणि छत जात आहे. १९७९ पासून उपग्रहांद्वारे मोजणी होते. तेव्हापासून उत्तर ध्रुवसमुद्रावरील सप्टेंबरचा बर्फ सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. अंटार्क्टिकाभोवती दर हिवाळ्यात भारताच्या पाचपटींहून मोठा समुद्र गोठत असे; २०२३ च्या हिवाळ्यात तो या सर्व वर्षांतील नीचांकावर, सुमारे १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरांवर आला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आपल्या नजरेतून सुटणाऱ्या सागरी प्लवकांचा मुद्दाम उल्लेख केला, तेव्हा काहींना ते पोपमहोदयांच्या अधिकाराबाहेरचे वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. माणसाच्या ताटातील मासाही अखेर अशाच जीवांवर पोसला जातो, हे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

भारताने १ जुलै २००८ रोजी उत्तर ध्रुववृत्तातील स्वालबार्ड येथे ‘हिमाद्री’ हे केंद्र उघडले. गोव्यातून चालविल्या जाणाऱ्या या केंद्राच्या दारातच काँग्सफ्योर्ड ही खाडी आहे. २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्या पाण्यात मोजमापाची उपकरणे सोडली. पूर्वी ही खाडी हिवाळ्यात दूरवर गोठत असे. २००६ पासून तिच्यावरील बर्फ फार कमी झाला आहे. आपले केंद्र तेथे उभे राहिले ते त्यानंतर दोन वर्षांनी.