मुंबई दर्शनाच्या यादीत नसलेले माहीम

शाळेच्या सहलीचे परिपत्रक असो, ‘मुंबई दर्शन’च्या बसवरचा फलक असो, की हॉटेलात पाहुण्यांसाठी ठेवलेली पुस्तिका असो, मुंबईत पाहण्यासारखी ठिकाणे म्हणून तीच नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. गेटवे ऑफ इंडिया, समोरचे ताज, म्युझियम, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, राणीबाग, वेळ उरला तर हाजीअली आणि सिद्धिविनायक. एलिफंटा ज्याच्या त्याच्या खिशावर आणि समुद्राच्या मर्जीवर. मी रायगड जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमची बस पहाटे फजरनंतर निघते आणि रात्री इशाच्या पुढे परत येते. मधल्या वेळात ही यादी पुरी करायची असते.

यादीला माझा विरोध नाही. मुलांनी समुद्राकाठचे एवढे मोठे शहर पाहावे, ताजचे कबुतर पाहावे, वडापाव खावा. पण एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने परतीच्या वाटेवर विचारले, ‘टीचर, मुंबई इंग्रजांनी बांधली, मग आपले लोक तिथे कधी गेले?’ प्रश्न साधा होता आणि तिने जे पाहिले त्यावरून अगदी बरोबर होता. यादीतली बहुतेक ठिकाणे १८६० ते १९३० या सत्तर वर्षांतली आहेत. ती पाहून कुणालाही वाटेल की त्याआधी इथे काही नव्हते, आणि जे कोणी इथे आहेत ते सगळे इंग्रजांच्या मागून कामधंद्याला आले. मुसलमान मुलांच्या मनात तर हे आणखी खोल जाते. आपण सगळीकडे पाहुणे, असे त्यांना एरवीही ऐकवले जातच असते.

म्हणून मी यादीतल्या पहिल्याच ठिकाणापासून सुरुवात करते. गेटवे बांधायचे कारण म्हणजे १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा आणि मेरी राणी यांचे मुंबईत झालेले आगमन. ते आले तेव्हा ही कमान नव्हती. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ रोजी बसला, जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. खर्च सुमारे २१ लाख रुपये. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. एवढे गाइड सांगतो. तो सांगत नाही ते असे, की विटेटने या कमानीसाठी नमुना निवडला तो सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या मुस्लिम इमारतींचा. मधला मोठा घुमट, कमानी, कोपऱ्यांवरचे छोटे मनोरे, दगडातली जाळी, हे सगळे अहमदाबादच्या मशिदी पाहिलेल्या माणसाला ओळखीचे वाटते. त्याच विटेटने म्युझियम बांधले. त्याच्यावरचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. १९१३ मध्ये पुरे झालेले जनरल पोस्ट ऑफिस जॉन बेगचे, त्याचाही घुमट विजापूरचाच. म्हणजे इंग्रजी मुंबई म्हणून आपण जे पाहतो त्याच्या माथ्यावर आदिलशाही आहे आणि वेशीवर गुजरातची सल्तनत.

आता यातली खरी गंमत. गुजरातची सल्तनत मुंबईला परकी नव्हती. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी ती या बेटांची धनी होती.

आजची मुंबई सात बेटांची होती हे पुस्तकात आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मधल्या खाड्या भरतीला भरत. ओहोटीला लोक चिखलातून चालत जात आणि पलीकडे पाय धूत, म्हणून ती जागा पायधुणी. उमरखाडीत खाडी आहे, डोंगरीत डोंगर आहे. ज्याला आज सगळे ‘मुस्लिम इलाका’ म्हणतात त्याची नावे अशी ठेवणीतली मराठी आहेत. माझ्या वर्गात हा व्याकरणाचा धडा होतो आणि भूगोलाचाही. धाकट्या कुलाब्याला इंग्रज ‘ओल्ड वुमन्स आयलंड’ म्हणत. त्यामागे ‘अल ओमानी’ हा अरबी शब्द असावा असे अनेक अभ्यासक सांगतात. ते खरे असेल तर ओमानपर्यंत जाणाऱ्या कोळ्यांची आठवण एका इंग्रजी म्हातारीच्या नावाखाली झाकली गेली म्हणायची.

या बेटांत महत्त्वाचे होते माहीम. दक्षिणेकडचे फोर्ट, जिथे आमची बस थांबते, ते पुष्कळ नंतरचे. बिंब राजाची राजधानी म्हणून महिकावतीच्या बखरीत माहीम येते. ती बखर वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली, म्हणजे गेटवे उघडले त्याच वर्षी. पुढे गुजरातच्या सुलतानांचे ठाणे माहीमला होते. १४३० च्या सुमारास बहामनी सैन्याने माहीम घेतले आणि गुजरातच्या अहमदशहाने ते परत मिळवले. दोन मोठ्या सल्तनती ज्या बेटासाठी लढल्या, ते काही ओसाड बेट नसणार. २३ डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहाने बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगिजांना दिली. १६६१ च्या लग्नाच्या कराराने ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे. मुलांना फक्त हुंड्याची गोष्ट पाठ असते, कारण ती रंगतदार आहे. पण ज्यांनी हुंडा दिला त्यांना तो कुणाकडून मिळाला होता, हे विचारले की वर्ग गप्प होतो.

याच काळात माहीमला मखदूम फकीह अली माहिमी होऊन गेले. जन्म १३७२, वफात १४३१. आपल्याकडे दर्ग्यावर जाणाऱ्यांना मन्नत ठाऊक असते, चादर ठाऊक असते. आत जे झोपले आहेत ते कोण होते, हे शंभरातल्या पाच जणांनाही सांगता येणार नाही. ते नवायत घराण्यातले. नवायत म्हणजे अरबस्तानातून समुद्रमार्गे येऊन कोकण किनाऱ्यावर वसलेल्या लोकांचे वंशज. हे लोक किती जुने, तर अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर म्हणजे आपल्या चेऊलला आला, तेव्हा त्याने तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचे लिहून ठेवले. हे हजार वर्षांपूर्वीचे, दिल्लीला सल्तनत व्हायच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे. माझ्या वर्गातली निम्मी मुले चेऊलच्याच बाजूच्या गावांतून येतात. हा आकडा फळ्यावर लिहिला की ती जरा ताठ बसतात.

मखदूम साहेबांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली, ‘तब्सीरुर्रहमान’. भारतातल्या आलिमाने लिहिलेल्या सुरुवातीच्या पूर्ण तफसिरींत ती मोजली जाते. एक आयत पुढच्या आयतीशी कशी जोडलेली आहे, हे दाखवण्यावर त्यांचा भर आहे. प्रत्येक सूरेच्या आरंभीची बिस्मिल्लाह त्यांनी त्या सूरेच्या विषयाला धरून वेगळी समजावली. शब्द तेच, पण दर वेळी अर्थाची दिशा नवी. भाषा शिकवणारी म्हणून मला हे फार मोठे वाटते. हा ग्रंथ पुढे हिजरी १२९५ मध्ये कैरोच्या बुलाक छापखान्यात छापला गेला. माहीमच्या खाडीकाठी लिहिलेले पुस्तक साडेचार शतकांनी नाईलच्या काठी छापले जाते, आणि आमच्या सहलीची बस माहीमला थांबत नाही, कारण तिथे ‘पाहण्यासारखे काही नाही’.

अहमदशहाच्या अमलात ते माहीमचे काझी होते. लोक त्यांना कुतुब-ए-कोकण म्हणतात. आईने रात्री पाणी मागितले, ते आणेपर्यंत तिचा डोळा लागला, म्हणून मुलगा पहाटेपर्यंत पेला धरून उभा राहिला, ही त्यांची गोष्ट घराघरांत सांगतात. त्या आईची कबर त्यांच्या शेजारीच आहे. डिसेंबरच्या आसपास, साधारण दत्तजयंतीच्या दिवसांत, माहीमची जत्रा भरते आणि पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. माहीम पोलीस ठाण्यातून वाजतगाजत निघणारी ती मिरवणूक कोणत्याही पुस्तिकेत घालण्यासारखी आहे.

मखदूम साहेबांचे नाव मात्र प्रत्येक टुरिस्ट बस चाकाखाली घेऊन जाते. क्रॉफर्ड मार्केटपासून जे. जे. रुग्णालयाकडे जाणारा अडीच किलोमीटरच्या आतबाहेरचा जो उड्डाणपूल आहे, त्याचे अधिकृत नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. बोलताना सगळे त्याला जे. जे. फ्लायओव्हरच म्हणतात, आम्ही मुसलमानसुद्धा. तो पूल पायधुणी, मिनारा मशीद, भेंडीबाजार या साऱ्यांच्या डोक्यावरून जातो. पाच मिनिटांत वस्ती संपते आणि पाहुण्यांना खिडकीतून तिसऱ्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे तेवढे दिसतात.

हाजीअलीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ते यादीत आहे. समुद्रातली वाट भरतीला बुडते, म्हणून ते सगळ्यांना आवडते. मजारीच्या आतल्या भागात स्त्रियांना जाता येईना, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले, ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला आणि वाट उघडली. मुलींना मी हे मुद्दाम सांगते. पाहण्याच्या ठिकाणाला चालू इतिहासही असतो.

क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ, शेख मेमन स्ट्रीटवर जामा मशीद आहे. तिचे बांधकाम १७७५ मध्ये सुरू झाले आणि १८०२ मध्ये संपले. जागेवर तलाव होता. तो बुजवायचा नाही, या अटीवर मशिदीला जागा मिळाली. म्हणून सोळा काळ्या दगडी कमानी पाण्यातून वर आल्या आणि त्यांच्यावर मशीद उभी राहिली. तलाव आजही आहे, त्यात मासे आहेत, वझू तिथेच होते. बेटे बुजवून शहर करणाऱ्यांच्या त्या काळात एक पाणवठा असा राखला गेला. नमाजच्या वेळा टाळून, अदबीने विचारले तर पाहता येतो.

या मशिदीच्या उभारणीत कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. जहाजांचे मालक आणि नाखुदा हेच लोक. जवळच नाखुदा मोहल्ला आहे. त्यांतले मोहम्मद अली रोगे हे चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार होते. याच जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला, टोल घ्यायचा नाही या अटीवर. आज त्यावरून बांद्र्याला जाणाऱ्यांनी मनातल्या मनात आवाबाईंना सलाम करायला हरकत नाही. रोगे घराण्यातलेच, पुढच्या पिढीतले त्याच नावाचे नाखुदा मोहम्मद अली रोगे, १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजींबरोबर अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत होते. सीएसएमटीचा पूर्ण फोटो यावा म्हणून पर्यटक रस्ता ओलांडून मागे सरकत जातात, त्याच बाजूला अंजुमनची १८९३ ची इमारत आहे. तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते, ही गोष्ट मी मुलांना तिथल्याच फुटपाथवर सांगते.

आणि भाऊचा धक्का. रेवसहून लाँचने येणारे, त्याआधी आगबोटींनी येणारे आमच्या भागातले लोक गेटवेला उतरत नसत, इथे उतरत. मासळी, टोपल्या, ट्रंका, बुरखे, नऊवाऱ्या सगळे एका फळीवरून. बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, जातीने पाठारे प्रभू, आणि सारी मुंबई त्यांना भाऊ रसूल म्हणे. धक्का एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, म्हणजे गेटवेहून ऐंशी-नव्वद वर्षांनी थोरला. आता मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट तिथूनच सुटते. पुढच्या सहलीला आम्ही बसने न जाता मांडव्याहून त्या बोटीने जाणार आहोत. मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे, फक्त भरती-ओहोटी आणि तिकिटांचा हिशेब अजून जमवायचा आहे.