पैसा फंड काच कारखाना

पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे 1908 मध्ये सुरू झालेला स्वदेशी काच कारखाना. त्याचे भांडवल 'पैसा फंडा'तून उभे राहिले. दर माणशी वर्षाला एक पैसा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. अंताजीपंत गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे हजार रुपयांसाठी चौसष्ट हजार माणसांपुढे हात पसरावा लागे. महाराष्ट्रातील क्वचितच एखादा कारखाना इतक्या सामान्य माणसांच्या पैशावर उभा राहिला असेल.

त्या वेळी बांगड्या, चिमण्या, बाटल्या असा बहुतेक काचमाल युरोपातून येई. तो इथेच घडवायचा आणि घडवणारे हातही तयार करायचे, असा दुहेरी हेतू होता. त्यामुळे कारखान्याला शाळेचे रूप आले. पहिली धुरा जपान व अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती.

वाळू, सोडा आणि चुना भट्टीतल्या मुशीत वितळवत. वाळूतल्या लोहाने काचेवर हिरवट झाक येते. ती मारण्यासाठी काचकार मँगनीज डायऑक्साइड वापरतात.  खरी कसोटी फुंकणाऱ्याची. लोखंडी नळीच्या टोकावर पाकासारखा गोळा उचलायचा, नळी सतत फिरवत ठेवायची आणि बेताने फुंकर घालायची. फिरवणे थांबले की गोळा एका अंगाला ओघळतो. तयार नग हळूहळू निववावा लागतो. घाई केली, तर धक्का न लागताही तो पुढे तडकतो. हे पुस्तकातून येत नाही, भट्टीशेजारी उभे राहूनच अंगी बाणते.

पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक आटली आणि देशी काचेला मागणी आली. 1916 मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाने ओगलेवाडीचे नाव घरोघर नेले. तळेगावचा वारसा इमारतीपेक्षा तिथे शिकवलेल्या कसबात शोधायला हवा. स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे उत्तर प्रदेशात बहजोई येथे काच कारखाना उभारला.