प्रीकॅल्क्युलस म्हणजे काय? कॉलेजमध्ये हा कोर्स घेण्याआधी हे वाचा

बारावीनंतर कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत जायचं असेल, तर कोर्सच्या यादीत 'प्रीकॅल्क्युलस' हे नाव दिसतं. आपल्याकडे या नावाचा विषय नसल्यामुळे बरेच जण गोंधळतात. हा कोर्स घ्यावा लागतो का? घेतला तर एक सेमिस्टर वाया जातं का? आजच्या लेखात हेच सोप्या भाषेत समजून घेऊया.

प्रीकॅल्क्युलस म्हणजे नेमकं काय?

कॅल्क्युलस म्हणजे कलनशास्त्र आणि 'प्री' म्हणजे त्याच्या आधीचं. कॅल्क्युलस शिकण्यासाठी जे गणित हातात पक्कं बसलेलं असावं लागतं, त्याचा हा कोर्स. अमेरिकेत तो हायस्कूलमध्येही असतो आणि कॉलेजमध्येही. २०२३-२४ पासून तिथल्या कॉलेज बोर्डाने 'एपी प्रीकॅल्क्युलस' सुरू केला आणि त्याची पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली.

कॉलेजमध्ये हा साधारण एका सेमिस्टरचा कोर्स असतो. काही ठिकाणी त्याचे 'कॉलेज अल्जिब्रा' आणि 'ट्रिगोनोमेट्री' असे दोन वेगळे कोर्स असतात.

यात काय काय शिकवतात?

- फंक्शन: डोमेन, रेंज, ग्राफ, इनव्हर्स फंक्शन
- बहुपदी आणि रॅशनल फंक्शन
- घातांक आणि लॉगॅरिदम
- त्रिकोणमिती: रेडियन, युनिट सर्कल, सूत्रं, समीकरणं
- कॉलेजनुसार थोडंफार व्हेक्टर, मॅट्रिक्स, शांकव, क्रमिका आणि श्रेढी

यादी बघून वाटेल, हे तर आपलं अकरावीचंच गणित! बरोबर आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी सायन्सच्या गणितात यातलं बहुतेक सगळं येतं. फरक एवढाच, की आपण धडे एकेक करून संपवतो आणि प्रीकॅल्क्युलसमध्ये सगळं 'फंक्शन' या एकाच धाग्यात ओवलेलं असतं.

मुलं कॅल्क्युलसमध्ये अडकतात कुठे?

माझंच उदाहरण सांगतो. बारावीला गणितात चांगले मार्क होते, तरी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-वनमध्ये केटी लागली. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी काढून बघितली तेव्हा कळलं, की डेरिव्हेटिव्हची पहिली पायरी जवळपास प्रत्येक गणितात बरोबर होती. चुका पुढे होत्या. कुठे अपूर्णांक चुकीचा छाटलेला, कुठे लॉग चुकीचा उघडलेला. म्हणजे मी कॅल्क्युलसमध्ये नापास झालोच नव्हतो, मी त्याच्या आधीच्या गणितात नापास झालो होतो.

एक छोटं गणित बघा. क्ष चा वर्ग हे फंक्शन घ्या. क्ष ची किंमत ३ वरून '३ + ह' केली, तर फंक्शन किती वेगाने बदलतं?

(३ + ह)² − ९ = ६ह + ह²

याला 'ह' ने भागलं की उरतं ६ + ह. आता 'ह' ०.१ असेल तर उत्तर ६.१, 'ह' ०.०१ असेल तर ६.०१. 'ह' शून्याकडे नेला की उत्तर ६ कडे जातं. हेच डेरिव्हेटिव्ह! यात कॅल्क्युलसची फक्त शेवटची ओळ आहे, बाकी सगळं बीजगणित. ज्याने वर्गविस्तारातला ६ह विसरला, त्याचं उत्तर तिथेच गेलं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बेरजेचा लॉग तोडणं. १० आणि ९० ची बेरीज १००, तिचा दहाच्या पायातला लॉग २. पण १० चा लॉग १ आणि ९० चा लॉग सुमारे १.९५, म्हणजे बेरीज २.९५. लॉग गुणाकाराचा तुटतो, बेरजेचा नाही. असा आकडे घालून ताळा करायची सवय लावली, तर अर्ध्या चुका पेपर देण्याआधीच सापडतात.

प्रोग्रामिंगमध्ये याचा उपयोग काय?

रोजच्या कामातली तीन उदाहरणं:

१. रेडियन: जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये साइन फंक्शनला ९० दिलं तर उत्तर १ येत नाही, सुमारे ०.८९४ येतं. कारण ते ९० अंश नाही, ९० रेडियन समजतं. गेममधलं कॅरेक्टर भलत्याच दिशेला वळत असेल, तर आधी हे तपासा.

२. लॉगॅरिदम: १० लाख क्रमवार नोंदींत बायनरी सर्चने एक नोंद शोधायला जास्तीत जास्त २० तुलना लागतात, कारण २ चा विसावा घात १० लाखांच्या थोडा वर जातो.

३. इनव्हर्स आणि डोमेन: एन्कोड केलेलं पुन्हा डीकोड करता यायला हवं असेल, तर दोन वेगळ्या इनपुटना एकच आउटपुट चालत नाही. 'वन-टू-वन फंक्शन' म्हणजे हेच.

अकरावी-बारावी सायन्स झालंय, तरी हा कोर्स लागेल का?

बहुतेक कॉलेजं हे प्लेसमेंट टेस्टवरून ठरवतात. 'अ‍ॅलेक्स' ही अशीच एक ऑनलाइन टेस्ट बऱ्याच ठिकाणी वापरतात. तुमच्या उत्तरांप्रमाणे ती पुढचा प्रश्न निवडते.

इथे एक कळकळीची सूचना. टेस्ट घरून द्यायची असेल, तर गुगल करून किंवा मित्राला शेजारी बसवून स्कोअर वाढवू नका. तुम्ही थेट कॅल्क्युलसमध्ये जाल खरे, पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात अडकाल. मग कोर्स सोडायचा म्हटलं, तर एफ-१ व्हिसावरच्या बॅचलरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला साधारण किमान १२ क्रेडिट ठेवावेच लागतात. त्यामुळे क्रेडिट कमी करण्याआधी कॉलेजच्या डीएसओशी, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोलावंच लागतं. एका खोट्या स्कोअरपायी एवढी धावपळ कशाला?

थेट कॅल्क्युलस घ्यावा का? स्वतःच तपासा

वही-पेन घ्या, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा:

- युनिट सर्कल न बघता ३०, ४५, ६० अंशांचे साइन-कोसाइन रेडियनसह लिहिता येतात?
- दोन रॅशनल पदावल्यांची बेरीज करून ती सोपी करता येते?
- घातांकाचं समीकरण लॉग घेऊन सोडवता येतं?
- फंक्शन बघून ग्राफचा अंदाजे आकार काढता येतो?

चारही जमत असतील तर बिनधास्त पुढे जा. एखादंच अडत असेल तर सुट्टीत भरून काढा. दोन किंवा जास्त अडत असतील तर प्रीकॅल्क्युलस घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

अभ्यास कसा करायचा?

ओपनस्टॅक्सचं 'प्रीकॅल्क्युलस' हे पुस्तक ऑनलाइन फुकट वाचता येतं. खान अकॅडमीवरही हा कोर्स मोफत आहे. ग्राफसाठी डेस्मॉस किंवा जिओजेब्रा वापरा, पण आधी ग्राफ हाताने काढा आणि मग स्क्रीनवर ताळा करा. उलट केलं तर बघून सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही.

चुकांची एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक चूक बीजगणिताची, त्रिकोणमितीची की समजण्यातली, ते शेजारी लिहा. महिनाभरात लक्षात येईल की आपण त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा करतोय. केटीचा पेपर मी याच वहीच्या जोरावर काढला.

थोडक्यात, प्रीकॅल्क्युलस हे वाया गेलेलं सेमिस्टर नाही. पाया कच्चा असेल तर ते गणित कधी ना कधी करावंच लागतं. मी ते केटी लागल्यावर केलं, तुम्ही आधी करा.